दुधाची दाढ

पितळी बुशच्या, यंत्रात बसणाऱ्या त्या नळकांड्याच्या, आतल्या कडेला एक चरा होता, केसाएवढा, डोळ्याला न दिसणारा, आणि मैनाची करंगळी तिथून फिरताना जराशी अडखळली. तिनं तो बुश डावीकडच्या पेटीत टाकला. दुसरा घेतला. गुळगुळीत, उजवीकडे. सातपूरच्या त्या वर्कशॉपात सहा वर्षं ती तपासणीच्या टेबलाशी बसत होती, आणि नव्या आलेल्या बायकांना सुपरवायझर सांगायचा, मापाचं गेज नंतर लावा, आधी मैनाबाईंची बोटं कशी चालतात ते बघा. बोटांना हे कुणी शिकवलं ते मात्र तिनं इथं कुणालाच सांगितलं नव्हतं. आज सकाळी केरू, तिचा नवरा, बुटात पाय घालता घालता सहज म्हणाला होता, "सांजच्याला विहारात भाषण हाय, जयंतीचं. पुण्याच्या कुणी पेठेबाई येणार हायेत. जुन्या हाडांवर बोलायला." आणि तव्यावरची भाकर करपल्याचा वास केरूलाच आधी आला होता.

पेठेबाई... नऊ वर्षं झाली.

निफाडच्या खाली, तिच्या माहेराजवळ, नदीनं कापलेला तो उंच काठ. वर काळी माती, खाली पिवळी, त्याखाली चुनखडीच्या खड्यांची पांढरी रेघ आणि तळाला गोट्यांचा थर. हिवाळाभर बाईंचे तंबू तिथं होते, जुनी हाडं शोधायला. गावातल्या पाच बाया चाळणीच्या कामाला, त्यात ती, विशीतली, नुकतंच लग्न झालेली, केरू अजून नाशकात काम शोधत होता म्हणून माहेरीच राहिलेली. पहिल्या दिवशी बाईंनी चाळणीतून एक तुकडा उचलला, स्वतःच्या जिभेला लावला, आणि तोच, तसाच, मैनासमोर धरला. "लाव जिभेला. दगड असेल तर सुटेल, हाड असेल तर चिकटेल." बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मैना हसली नाही. ज्या गावात तिच्या आईला लोक अजून वरून पाणी वाढत होते, त्या गावात ही बाई आपल्या जिभेला लावलेला तुकडा हिला देत होती... तिनं तो जिभेवर ठेवला आणि तो चिकटला. हलकेच, जीभ ओढून धरल्यासारखा. किती जुनं हे, बाई? "तुझा पणजा, त्याचा पणजा, असं म्हणत बसलीस तर हा हिवाळा पुरायचा नाही."

बुश. चरा नाही. उजवीकडे.

तिला तेव्हा सगळंच दिसू लागलं होतं. पाट्याएवढी हत्तीची दाढ तिनं शोधली, रानबैलाच्या शिंगाचा गाभा तिनं शोधला. दुपारी भाकरी खाताना बाई तिला दात शिकवायच्या. गवत चावणाऱ्याचा दात असा, पाला खाणाऱ्याचा असा; खाणं बदललं की हजारो पिढ्यांनी दात बदलतो, आणि हाडं कुजून गेली तरी दात मागं राहतो. वानराचा जबडा बाईंच्या पेटीत होता. "ही बघ, वानराच्या दाढेवर दोन आडव्या कडा असतात. आणि आता आपल्या दाढेवर जीभ फिरव." मैनानं फिरवली होती. गोल गोल उंचवटे, चार की पाच. आपल्याच तोंडात आपण कधी गेलोच नव्हतो असं तिला वाटलं होतं.

साडेतीनचा भोंगा झाला. ती घरी आली, अंगावर पाणी घेतलं, ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसली, आणि मग उगाच बराच वेळ मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. घरात दोघंच, तिला कुणी हटकणारं नव्हतं. जावं का? जाऊन काय सांगायचं? की बाई, शेवटच्या दिवशी...

शेवटच्या दिवशी तंबू उतरत होते. माणसं खुंट्या उपटत होती, आणि ती एकटीच शेवटची पाटी चाळत होती – कुणी सांगितलं नव्हतं, पण हात थांबत नव्हते. जाळीवर एक इवलीशी दाढ उरली. तपकिरी, वाटाण्याहून थोडी मोठी. तिनं जिभेला लावली, चिकटली. मग जिभेच्या टोकानं वरची बाजू चाचपली... पाच गोल उंचवटे. माणसाची, आणि लहान पोराची. ती वळली, हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाई ड्रायव्हरला म्हणत होत्या, "इथलं संपलं असं वाटतं. काही उरलं असतं तर पुढच्या वर्षी पुन्हा आलो असतो."

काही उरलं असतं तर.

तिनं तोंड मिटलं. काठाशी गेली, छातीएवढ्या उंचीवर, पांढऱ्या रेघेच्या चार बोटं खाली, अंगठ्यानं ती दाढ मातीत दाबून ठेवली. पुढच्या वर्षी ती सापडेल. बाई येतील, चाळण्या येतील, दुपारची भाकरी येईल, आणि मैना, तुझी नजर म्हणजे... असं कुणीतरी पुन्हा म्हणेल. तिनं बाईंना सांगितलं, "इथं अजून हाय, बाई. माझं मन सांगतं." बाई हसून तिच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. भाद्रपदात पूर मात्र आला आणि बैलगाडी मावेल एवढा काठ कापून घेऊन गेला. कार्तिकात ती जाऊन उभी राहिली तेव्हा समोर नवी, ओली, कोरी भिंत होती.

त्यानंतरची नऊ वर्षं ते पोर तिच्याबरोबर होतं. नदीकाठी मेलेलं कुणाचं तरी पोर. त्याच्या आईला रडायला शब्द तरी होते की नव्हते...

विहार भरलं होतं. खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. ती मागं, बायकांच्या शेवटच्या ओळीत, शेजारच्या भिमाबाईंच्या आडोशाला बसली. पेठेबाईंचे केस कानांशी पांढरे झाले होते; आवाज तोच. पडद्यावर एक कवटी आली, अर्धीच, भुवयांची कड जाड. नर्मदेच्या काठाला सापडलेली, बाई म्हणाल्या, आपल्या देशातली एवढी जुनी ही पहिलीच. आपल्यासारखी, आणि आपल्यासारखी नाही. माणूस कुणी एका दिवशी घडवून खाली ठेवला नाही, तसा तो कुणाच्या मुखातून किंवा पायांतूनही निघाला नाही. यावर टाळ्या पडल्या, केरूनं सगळ्यांत जोरात वाजवल्या. तो एका झाडाची एक फांदी आहे, बाकीच्या वाळून गेल्या. मग पडद्यावर गोदावरीचा तो काठ आला आणि मैना आडोशातून वाकून बघू लागली. "इथं आम्हाला हत्ती मिळाले, बैल मिळाले, माणसानं फोडून घडवलेले दगड मिळाले. घडवणारा मिळाला नाही. एक दात मिळाला असता तरी..." बाईंनी वाक्य सोडून दिलं. पुढचं चित्र आलं.

भाषण संपलं, हार झाले, चहा झाला. गर्दी पातळ होईतो ती चपलांपाशी उभी होती. बाईंनीच पाहिलं.

"मैना? निफाडची मैना ना तू?"

इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. ओळखलंच नसतं तर बरं झालं असतं. ती एका दमात बोलली, खाली बघत, दाढ, तंबू, अंगठा, पूर... आणि थांबली. 

"का गं?"

"तुमी परत याव्या म्हणून."

बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. रागावतील, तिला वाटलं. रागवा ना, बाई.

"माकडाची असेल," त्या शेवटी म्हणाल्या. थकलेल्या वाटल्या.

"नाय."

"इतकी लहान म्हणतेस..."

"नाय, बाई. पाच टेंगळं व्हती. गोल. तुमीच शिकवलं."

बाईंनी मान वर केली. आणि त्यांचा आवाज बदलला, नदीकाठचा झाला. "वरून कशी होती? टोकदार?"

"घासलेली. खाऊन खाऊन गुळगुळीत."

"मूळ?"

"मूळ नव्हतं. खालनं पोकळ, पेल्यावाणी. मातीनं खाल्लं आसंल."

"मातीनं नाही." बाई हळू बोलत होत्या, जणू तिच्याशी नाही. "खालून मोठी दाढ वर यायला लागली की दुधाच्या दाढेचं मूळ विरघळतं. मग ती आपोआप पडते. दहाव्या-अकराव्या वर्षी. मैना, ती पडलेली दाढ होती. मेलेल्याची नव्हे."

मैना बघत राहिली.

"मला हे कुठंही लिहिता येणार नाही," बाई म्हणाल्या. "हातात काही नाही. तुझ्या जिभेवर माझा विश्वास आहे, एवढंच." मग आयोजकांची गाडी आली आणि त्या निघाल्या. दोनदा वळून बघितलं, परत मात्र आल्या नाहीत.

रस्त्यावर अजून उन्हाची धग होती. केरू पुढं चालत विचारत होता, ओळखलं का बाईंनी, काय म्हणल्या, आणि तिला ऐकू येत होतं पण उत्तर लांब, कुठंतरी पाण्यापलीकडं पडलेलं होतं. माफी मिळाली की नाही ते तिला कळलं नव्हतं. आपण आता कशाचं दुःख करायचं हेही कळेना. पोर मेलं नव्हतं. नऊ वर्षं ती ज्याला उराशी धरून बसली ते तिथं कधी नव्हतंच. खाता खाता त्यानं काहीतरी टणक हातावर थुंकलं असेल, क्षणभर बघितलं असेल, टाकून दिलं असेल. मग कुणीतरी हाक मारली असेल... शब्दानं म्हणा, नुसत्या आवाजानं म्हणा... आणि ते पळत गेलं असेल, काठाकाठानं, आपल्या माणसांमागं, मोठं होत. तिनं कितीही हात पुढं केला तरी पाठच दिसत होती त्याची. थांब, असं म्हणावंसं वाटत होतं, आणि थांबू नये असंही. कुठल्या बाजूला गेलं असेल ते? नदीच्या वरच्या अंगाला, इकडं, नाशकाकडं? तिची पावलं नकळत भरभर पडू लागली. केरू मागं राहिला, आणि "अगं, हळू," म्हणाला.