अडतीसची कंबर

मी एकदा सर्कशीतल्या हत्तीला कोट शिवला होता. बाही आखूड झाली म्हणून त्याने तो दोनदा परत पाठवला. माझ्या दुकानात चहाला टेकणाऱ्या कुणालाही विचारा, तो हसून म्हणेल, शिंपीबुवांच्या थापा. जन्मभर अशा थापा मारल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. एकच थाप खरी मानली गेली आणि तिनेच घात केला.

माझा थोरला भाऊ वजनमापे खात्यात निरीक्षक होता. त्याला बघताच दुकानदार पारडी पुसू लागत. पण स्वतः काही तो काट्यावर पाय ठेवायचा नाही. त्याचा भरवसा माझ्या टेपवर. आरशासमोर श्वास कोंडून उभा राहायचा आणि मी पाठीमागे आकडा वाचायचो. चाळिशीत एकदा कंबर त्रेचाळीस भरली. आरशात त्याचा लालबुंद, आशाळभूत चेहरा दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अडतीस, दादा."

तेव्हापासून अडतीसच. वहीत खरा आकडा, तोंडी अडतीस. बावीस वर्षांत एक इंच हललो नाही, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. वही तोवर अठ्ठेचाळीसवर पोचली होती.

गेल्या वर्षी वहिनी त्याच्या पँटी पिशवीत घालून एकटीच आली. म्हणाली, हल्ली ढगळ होतायत, दोन घासांत पोट भरलं म्हणतात. यांना कळू न देता आत घ्या, नाहीतर आजारी पडलो म्हणून घर डोक्यावर घेतील. मी सेहेचाळीसवर आणल्या. मग चव्वेचाळीसवर, मग बेचाळीसवर. मनात म्हटलं, बरंच झालं, आणखी चार इंच उतरला की माझी थाप खरी होईल. हे आठवलं की अजून सुई बोटात जाते.

आठ महिन्यांनी दादा भाजीच्या पिशवीसकट जिन्यात कोसळला. जठराचा कॅन्सर निघाला. वजन कधीपासून उतरतंय, असं सर्जनबाईंनी विचारलं. दादा ऐटीत म्हणाला, "उतरतंय? बाई, बावीस वर्षं कंबर अडतीस आहे. सख्खा भाऊ शिंपी आहे माझा."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

दुसऱ्या दिवशी मी मापाची वही नेऊन बाईंपुढे उघडली. रकान्यावरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "तुमच्या वहीला हे आठ महिन्यांपूर्वी कळलं होतं."

मी चाचरत विचारलं, एवढा उतरलाय, आता तरी ऑपरेशन सोपं जाईल ना? त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. काट्यावरच्या वजनापेक्षा अंगाचा आकार जास्त आडवा येतो म्हणाल्या. छाती पिंपासारखी खोल, आणि चरबी बाहेर लोंबणारी नाही, आत ठासून भरलेली, अजूनही. रक्तवाहिन्या तिच्यात बुडालेल्या. कॅन्सर पसरतो त्या त्यांच्याभोवतीच्या गाठी काढायच्या म्हणजे विहिरीत हात घालून अंगठी शोधायची. रक्त जास्त जातं. शेजारच्या स्वादुपिंडाला धक्का लागला तर त्याचा रस गळतो. अशा अंगाचे लोकही बरे होतात, पण हाताशी वेळ हवा.

वेळ मी शिलाईत दुमडून टाकला होता.

चार तासांचं ऑपरेशन सात तास चाललं. खोलातल्या काही गाठींपर्यंत पोचता आलं नाही. मग आत गळती झाली आणि पाच आठवडे कुशीतून नळी. त्यातच एक दिवस मी वही दादाच्या उशाशी ठेवली. बदमाश दुकानदाराची तपासायचा तशी त्याने ती पहिल्या पानापासून वाचली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुझं दुकान बंद केलं असतं मी," एवढंच बोलला आणि भिंतीकडे वळला.

काल तो दुकानात आला, वहिनीच्या खांद्यावर हात टाकून. राहिलेल्या गाठींचं काय ते पुढच्या महिन्यात कळेल. आरशासमोर उभा राहिला, श्वास न कोंडता.

"घे माप. मोठ्याने वाच."

चष्मा पुसून टेप लावला. पुन्हा लावला. आकडा तोच.

"अडतीस, दादा."

तो आरशातून माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "धाकट्या, आता तरी खरं सांग."

मी टेप त्याच्या हातात दिला. चष्मा त्याचा घरी राहिला होता. आकड्यांवरून त्याने नुसताच अंगठा फिरवला आणि टेप गुंडाळून माझ्या मशीनवर ठेवला.