थोरलीचं ऊन

रंगाच्या दुकानात तिचं काम रंग जुळवायचं होतं. कुणी जुन्या भिंतीचा पोपडा आणायचं, कुणी कपाटाच्या दाराचा तुकडा, आणि म्हणायचं, "अगदी हाच पाहिजे." मग ती डब्यात थेंबाथेंबाने काळा, पिवळा, तांबडा घालत राहायची. शेवटी पुठ्ठ्यावर एक पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा आणि नमुन्याशेजारी धरून बाहेरच्या उजेडात पाहायचं. दुकानाचे मालक सगळ्यांना सांगायचे, "ट्यूबलाइट खोटं बोलते. ऊन बोलत नाही."

पाचवा महिना चालू होता. पहिलंच बाळंतपण. मालकांनी तिला उंच स्टूल दिलं होतं, डबे उचलायचे नाहीत म्हणून ताकीद दिली होती. पण रंग बघायला फुटपाथवर तीच जायची, कारण तिच्याइतकी नजर दुकानात कुणाची नव्हती.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक फार चोखंदळ होतं. हिरवट राखाडी रंगाचा नखाएवढा पोपडा घेऊन एक गृहस्थ आले होते. तीनदा पट्टा ओढला, तीनदा नापसंत. "जरा पिवळा वाटतोय." "आता जरा मेल्यासारखा वाटतोय." ती पुठ्ठा धरून भर दुपारी बाहेर उभी राहिली. रंग वाळेपर्यंत खरा कळत नाही. चौथा पट्टा जुळला, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे जरा अंधारलं. आत येऊन बसली, गार पाणी प्यायली. थोड्याच वेळात बरं वाटलं. मान तेवढी चुरचुरत होती. एवढंच झालं. घरी जाईपर्यंत ती ते विसरलीसुद्धा होती.

घरी आई होती. मुलीच्या सोबतीला म्हणून गेल्या महिन्यात येऊन राहिली होती. मोजकं बोलणारी, नीटनेटकी बाई. तरुणपणी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, त्यामुळे आवाज अजून स्वच्छ आणि सपाट. मुलीने केस वर बांधले आणि आईने तिची मान पाहिली.

"हे काय झालं?"

"ऊन लागलं थोडं. काही नाही गं."

आईच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते तिने उचललं नाही.

"किती वेळ होतीस उन्हात? डोक्यावर काही होतं? डोकं दुखतंय? हातापायांना सूज?" मग एकदम आवाज खाली आणून, "त्यानंतर बाळ हललं का?"

तिला आठवेना. हललं असेल. पण लक्ष दिलं नव्हतं. ती पलंगावर डाव्या कुशीवर आडवी झाली आणि पोटावर हात ठेवून वाट पाहू लागली. आई दारात उभी राहिली. बाहेर मुलं खेळत होती, त्यांचा गलका विरला, समोरच्या गच्चीवरचं ऊन उतरलं, आणि मग कधीतरी आतून एक हलकी टिचकी बसली.

"हललं," ती म्हणाली.

आई भिंतीला टेकली. मग स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि बराच वेळ तो तसाच वाहत राहिला.

त्या दिवसापासून ती भीती घरात राहायला आली.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या चौकोनी विहिरींत लोंबकळून आलेला माणूस. त्याला हा सगळा प्रकार कळेना. "अगं, बाळ पोटात आहे, दोरीवर वाळत नाहीये," तो म्हणाला. ती खळखळून हसली. पण दुसऱ्या दिवशी दुकानात पुठ्ठा घेऊन बाहेर निघाली तेव्हा तिचे पाय उंबऱ्याशीच अडले. फुटपाथवर ऊन पसरलं होतं, नेहमीचंच, पांढरं. त्यात पाऊल टाकलं तर कुणीतरी बघेल असं तिला वाटलं. रागाने नाही. नुसतं बघेल.

मालकांनी तिचा चेहरा पाहून पुठ्ठा काढून घेतला. "राहू दे पोरी. मी बघतो." आणि त्यांनी जुळवलेला रंग दोन दिवसांत परत आला.

घरी आई रोज तेच विचारायची: हललं का? कधी? नेहमीसारखं? विचारून झालं की तिच्या बोटांकडे पाहायची. दुपारी खिडक्या लावून घ्यायची. हे तर जुनंच होतं. लहानपणीही त्यांच्या घरात दुपार काळोखी असायची. आता मात्र त्या काळोखात मुलीला एकटीला बसवत नसे. बसली की वाटायचं, बाल्कनीच्या दाराबाहेर कुणीतरी ताटकळत उभं आहे.

एकदा दुकानाचं शटर बिघडलं म्हणून ती दुपारीच घरी आली. किल्लीने दार उघडलं. आत अंधार. आईचा आवाज येत होता, एक्सचेंजमधला नव्हे, अगदी मऊ, तिने कधी न ऐकलेला.

"ये ना. सावलीत ये. किती वेळ उभी राहशील तिथे?"

आई खुर्चीत बसली होती. बाल्कनीचं दार बोटभर उघडं होतं आणि आई त्या फटीकडे पाहून बोलत होती. बाहेर फरशीवर ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

आणि तिला आठवलं. लहानपणी ती अंगणात एकटीच खेळायची. भावंड नव्हतं. आई दारातून हाक मारायची, "सावलीत या गं दोघी!" तिने एकदा विचारलं होतं, दोघी कोण? आई म्हणाली होती, "तू आणि तुझी पडछाया." तिला ते तेव्हा फार आवडलं होतं.

"आई," ती म्हणाली, "कुणाशी बोलतेस?"

आई दचकली नाही. तिने वळून पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखा नव्हे, तर खूप चालून आलेल्या माणसासारखा तिचा चेहरा झाला होता.

"बस," ती म्हणाली. "तुझ्याआधी एक होती."

आई सांगत गेली. सातवा महिना होता. एक्सचेंजमधली सकाळची पाळी संपवून ती बसची वाट पाहत उभी राहिली. थांब्याला छप्पर नव्हतं. बस आलीच नाही. दुसरीही भरून गेली. ती उन्हात उभी राहिली, चालत निघाली असती तर बरं झालं असतं, पण उभी राहिली. संध्याकाळी डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यानंतर बाळ हललं नाही.

"तुझी आजी एवढंच म्हणाली, 'उन्हात उभी राहिलीस, पोर भाजलं.' पुन्हा कधी म्हणाली नाही. कुणीच काही म्हणालं नाही. तुझे बाबासुद्धा."

"आणि तू ते खरं मानलंस?"

"मला ती दाखवलीच नाही. नर्स गुंडाळून नेत होती, तेव्हा एक पाऊल दिसलं. गोरं होतं गं. भाजलेलं नव्हतं. मी पाहिलं होतं. तरीसुद्धा मला तेच खरं वाटत राहिलं. दुपार झाली की ती दिसायची. बाळ नाही, वाढलेली. तुझ्यापेक्षा नेहमी वीतभर उंच. नुसती उन्हात उभी."

मुलीने बाल्कनीच्या दाराकडे पाहिलं नाही. तिला पाहवलं नाही.

पुढच्या तपासणीला तिने आईला बरोबर नेलं. डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, घाईत असायच्या, पण ऐकून घ्यायच्या. तिने आपली मान दाखवली, आतापावेतो तिथली कातडी सोलून नवी आली होती, आणि लाजत लाजत सगळं विचारलं. डॉक्टरांनी पोटावर यंत्र ठेवलं. खोलीत घोड्याच्या टापांसारखे ठोके घुमले.

"ऐकलंत? मस्त चाललंय त्याचं. ऊन तुमच्या कातडीला लागलं, बाळापर्यंत ते पोचत नाही. तासन्‌तास तापून निघायचं नाही, चक्कर आली तर सावलीत बसायचं, पाणी प्यायचं. बाकी कामाला जा, उजेडात फिरा. त्या दिवशी जे झालं त्यात काळजीचं काही नाही."

ती उठू लागली. आई उठली नाही.

"डॉक्टर, मला एक विचारायचंय," आई म्हणाली. तिचा आवाज पुन्हा एक्सचेंजमधला झाला होता, दूरच्या गावाचा कॉल जोडून देतानासारखा. "माझं."

आणि तिने सांगितलं. मग डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली.

"मावशी, त्या आधी अंगावर सूज होती?"

"होती. अंगठी निघेना. साबण लावून काढली."

"उन्हात उभ्या राहिलात त्याच्या आधी की नंतर?"

आईने अंगठीच्या बोटाकडे पाहिलं. "आधी. बरीच आधी. डोकंही आधीपासूनच दुखायचं."

"ब्लड प्रेशर कुणी मोजलं होतं?"

"कुणी नाही."

"इतक्या वर्षांनी मी छातीठोकपणे सांगणार नाही, तसं कुणीच सांगू शकणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, ही प्रेशर वाढल्याची लक्षणं. तुम्ही त्या दिवशी घरात पंख्याखाली झोपून राहिला असतात तरी ते टळलं नसतं, असं मला वाटतं. बसथांब्यावर उभं राहिल्याने पोर भाजत नाही, मावशी. कुणाचंच नाही."

मुलीला वाटलं होतं आई रडेल, हलकी होईल. आई संतापली. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच ती ओरडली. "एवढंसं विचारायला मला इतकी वर्षं लागली? आणि तुझ्या आजीला एक वाक्य बोलायला घटकाभरही वेळ लागला नाही!" रस्त्यावरचे लोक वळून पाहू लागले. मुलीने तिचा दंड धरला. पायऱ्या उतरल्यावर आई हळूच म्हणाली, "ऊन नव्हतं, तर मग ती उन्हातच का उभी असायची?"

मुलीने रिक्षाला हात केला.

ती पुन्हा फुटपाथवर जाऊन रंग जुळवू लागली, टोपी घालून. भीती गेली म्हणता येणार नाही. कधी पोटातली हालचाल मंदावली की हातातला पुठ्ठा तसाच राहायचा आणि ती श्वास रोखून ऐकत उभी राहायची. पण आता उंबऱ्याशी पाय अडत नव्हते.

आईचं मात्र वेगळंच झालं. ती अर्ध्या ताटावरून उठू लागली, दुपारभर घरात फेऱ्या मारू लागली. जावयाने एकदा विचारलं, "काही हरवलंय का?" तिने मान हलवली. मुलगी एकटी असताना तिने सांगितलं.

"येत नाही गं ती आता."

आणि मग ती रडली, हुंदके देऊन, मूल रडतं तशी. मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आपण आईचं भलं केलं की तिच्याकडचं काही हिरावून घेतलं, हे तिला कळेना. पोटातलं बाळ त्या दोघींच्या मध्ये जोरजोरात लाथा मारत होतं.

दिवस भरल्यावर मुलगी झाली. सुखरूप, भरपूर केस, आवाज खणखणीत. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासू गप्पिष्ट होती. सगळ्यांची चौकशी करून झाल्यावर ती आईकडे वळली.

"ही तुमची लेक का? एकुलती एक?"

आई बाळाचं दुपटं नीट करत होती. ती थांबली. मुलगी डोळे मिटून पडली होती, पण जागी होती.

"नाही," आई म्हणाली. "मला दोन मुली. ही धाकटी. थोरली राहिली नाही."

"अगंबाई," ती बाई हळहळली. "केवढी होती?"

"पोटातच गेली. पाऊल तेवढं पाहिलं मी तिचं." आईने बाळाला उचलून छातीशी धरलं. "फार सुंदर होतं."

मुलीने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून ती आवाज न करता रडली. मागे आई त्या अनोळखी बाईला बसथांब्याचं, अंगठीचं, सगळं सांगत होती, आणि ती बाई "हो का", "हो का" करत ऐकत होती.