खुर्च्यांचा ठेका

गायिकेच्या पहिल्यावहिल्या एकटीच्या अल्बममधल्या प्रत्येक गाण्यात ती सरकारवर उखडलेली होती, आणि ऐकणारा प्रत्येक जण म्हणत होता, "काय शांत वाटलं हो!" शेजारच्या वहिनींनी तर दुपारी तिसरं गाणं लावून बाळाला झोपवायला सुरुवात केली. तिसऱ्या गाण्यात तिने नगराध्यक्षांना सरळ सरळ चोर म्हटलं होतं. बाळ त्या ओळीपर्यंत जागंच राहत नसे.

दोष सगळा गळ्याचा. गळा इतका गोड की तिने दुकानात "ब्रेड ताजा आहे का?" असं विचारलं तरी लोक वळून हसायचे. कित्येक वर्षं ती एका गिटारवाल्याबरोबर चंद्र, चांदणं आणि तुझी वाट यांवर गात आली होती. मधल्या काळात लहान मुलांच्या साबणाची जाहिरातही गायली, आणि तो फेस काही केल्या तिच्या आवाजावरून धुतला जाईना.

मग गल्लीतलं पालिकेचं प्रसूतिगृह बंद झालं. ते पाडून तिथे गाड्या लावायला चारमजली इमारत उभी राहिली. गायिका त्याच प्रसूतिगृहात जन्मली होती. तिची तळपायाची आग मस्तकात गेली. ती गिटारवाल्याला म्हणाली, "आता चंद्र पुरे." त्याने जरा विचार केला आणि विचारलं, "मग सूर्यावर करू या का?" त्या दिवशी तिने जोडी मोडली.

नवा जोडीदार मिळाला तो बटण्या. टक्कल पडलेला, गळ्यात कायम हेडफोन. सख्ख्या भावाच्या लग्नातल्या फोटोतही ते आहेत. बटण्याला वाद्यांचा तिटकारा. त्याचं म्हणणं, आवाज घ्यायचा तो जगातला घ्यायचा, मग तो कापायचा, ताणायचा, उलटा करायचा आणि मशीनमधून असा काढायचा की ऐकणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. स्टुडिओ म्हणजे आत्याच्या घरातलं रजयांचं कपाट. गायिका रजयांमध्ये डोकं खुपसून क्रांती गायची आणि बटण्या बाहेर फरशीवर लॅपटॉप मांडून बसायचा.

हे आत्याचं घर म्हणजेच गायिकेचं घर. आईवडील लवकर गेले, आत्याने वाढवलं. आणि आत्या होती पक्षाची. कुठल्या, तर सत्तेतल्या. तरुणपणी तिने एका सभेत चार खुर्च्या उचलून मांडल्या, तेव्हापासून पक्षाच्या सगळ्या खुर्च्या तिच्या गळ्यात पडल्या. लोखंडी, घडीच्या, करड्या रंगाच्या त्या खुर्च्या तिच्याच घराच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून असत. सभा असली की आत्या त्या पुसायची, टेम्पोत चढवायची, रांगा धरून मांडायची आणि सभाभर भिंतीशी उभी राहायची. पक्षात तिला सगळे खुर्चीवाल्या ताई म्हणत. खरं नाव विचारलं असतं तर नगराध्यक्ष साहेबांनासुद्धा सांगता आलं नसतं.

आत्या एका सभेला गेली असताना बटण्याची नजर उरलेल्या खुर्च्यांवर पडली. उघडली की खट्, मिटली की धाड. एक वाकड्या पायाची होती, ती टेकली की खट् आणि मग मागून हळूच टक्. बटण्या आनंदाने वेडा झाला. "हा बघ तुझा ढोल!" दुपारभर दोघांनी खुर्च्या उघडल्या, मिटल्या, आपटल्या. त्या ठेक्यावर अल्बमचं मुख्य गाणं उभं राहिलं:

मांड खुर्ची, पूस खुर्ची, हार आण गं ताजा,
ज्याने काही मांडलं नाही तोच बसला राजा.
तू मात्र भिंतीपाशी पाय बदलत उभी,
तुला कुठली खुर्ची बाई, टाळ्या वाजव तूही!

आता खरी गोम इथेच होती. हे गाणं आत्यावर होतं. कपाटात तोंड घालून लिहिताना ते झणझणीत वाटलं, पण अल्बम बाहेर आल्यापासून गायिका तो घरात लावत नव्हती. साऱ्या जगाने चिडावं, एवढीच तिची इच्छा होती. फक्त आत्याने चिडू नये. दुखावून घेऊ नये. सुदैवाने आत्याला वेळ नव्हता. "पार्किंगचं उद्घाटन होऊ दे, चिंगे, मग तुझा तो खडखडाट निवांत बसून ऐकते," असं ती म्हणायची, आणि गायिका घाईघाईने म्हणायची, "काही घाई नाही गं आत्या."

अशात साहेबांच्या सहायकाचा फोन आला.

"मॅडम, तुमचं खुर्च्यांचं गाणं साहेबांना फार आवडलंय. पार्किंगच्या उद्घाटनाला तुम्ही स्वतः येऊन गायचं."

गायिकेला वाटलं, थट्टा चालली आहे. "तुम्ही शब्द ऐकलेत का?"

"ऐकले ना! फारच भावपूर्ण. साहेबांना राजा म्हटलंय तुम्ही. ते जरा लाजलेसुद्धा."

"अहो, तो टोमणा आहे!"

"असू दे हो, चालीत बसतोय."

पालथ्या घड्यावर पाणी. तिने फोन ठेवला आणि बटण्याकडे बघितलं. नाही म्हणावं, तर मान राहील पण ऐकणार कोण? हो म्हणावं, तर साहेब समोर, मोठे स्पीकर आणि हातात माईक. बटण्या म्हणाला, "जाऊ. ठेका इतका वाढवतो की त्यांचे दात हलतील. तू फक्त गोड गाऊ नकोस." आत्याही तिथे असणार हे तिला आठवलं, पण गर्दीत खुर्च्या मोजण्याच्या नादात ती कुठलं गाणं ऐकते, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

त्या दिवसापासून गायिका गुरगुरायला शिकू लागली. उशीत तोंड दाबून ओरडली. घसा खरवडावा म्हणून आरशासमोर दातओठ खाऊन भांडली. आत्याने दार उघडून बघितलं आणि लगेच मिठाचं कोमट पाणी आणून दिलं. "गुळण्या कर. ऐन कार्यक्रमात घसा बसला तर साहेबांना काय वाटेल?" गायिकेने मुकाट्याने गुळण्या केल्या. आवाज होता त्याहून गोड झाला.

कार्यक्रम सकाळी, पार्किंगच्याच तळमजल्यावर होता. ओल्या रंगाचा वास, खांबांना फुगे, आणि पूर्वी जिथे बाळंतिणींच्या खाटा होत्या तिथे आत्याने मांडलेल्या खुर्च्यांच्या सरळ रांगा. पुढच्या रांगेत मधोमध साहेब. त्यांच्या शेजारची एक खुर्ची कोण्या मोठ्या पाहुण्यासाठी राखून ठेवलेली. आत्या नेहमीसारखी भिंतीशी उभी.

बटण्याने मशीन सुरू केली. खट्. धाड. खट्-धाड. फुगे थरथरले. गायिकेने डोळे मिटले, सगळा संताप बेंबीपासून वर ओढला आणि ती किंचाळली.

किंचाळी मधासारखी बाहेर पडली. साहेबांनी मान डोलवली. मागच्या बायका कौतुकाने एकमेकींकडे बघू लागल्या. 'तोच बसला राजा' या ओळीला कार्यकर्त्यांनी उत्स्फूर्तपणे टाळ्यांचा ठेका धरला, आणि साहेबांनी बसल्याबसल्या हात जोडून तो स्वीकारला. गायिकेला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मनापासून भांडत होती आणि समोरचे वाढदिवसाला आल्यासारखे हसत होते.

एकटी आत्या अस्वस्थ होती, पण ती वेगळ्याच कारणाने. इतक्या वर्षांचा कान तो! सभा चालू असताना कोणीतरी खुर्च्या आपटतंय, एवढंच तिला कळलं. ती भिंत सोडून निघाली. रांगांमधून वाकून बघत, "कोण आहे रे? बिजागऱ्या तुटतील!" असं पुटपुटत ती मागपर्यंत गेली. सगळे आपापल्या जागी गुपचूप बसलेले. एकही खुर्ची हललेली नाही. आणि आवाज तर चालूच.

मग ठेक्यात वाकड्या पायाची खुर्ची आली. खट्... टक्.

आत्या जागीच थांबली. ती खुर्ची तिने आज आणलीच नव्हती. ती घरी पॅसेजमध्ये होती. आत्याने हळूहळू मान वर करून स्पीकरकडे बघितलं, मग माईकमागच्या भाचीकडे. आणि खुर्च्यांचा शोध संपल्यामुळे तिला पहिल्यांदाच शब्द ऐकू आले.

"तू मात्र भिंतीपाशी पाय बदलत उभी..."

आत्याने नेमका तेव्हाच उजव्या पायावरचा भार डाव्या पायावर टाकला होता. तिने खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं.

गाणं इथेच थांबवावं, धावत जाऊन आत्याला मिठी मारावी, असं गायिकेला वाटलं. कोणीच चिडलं नाही तरी चालेल, पण हे नको. तिने बटण्याला हाताने खूण केली, 'बंद कर.' बटण्याला वाटलं, आवाज वाढव म्हणते आहे. त्याने बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

"तुला कुठली खुर्ची बाई, टाळ्या वाजव तूही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने वाजवल्या नाहीत. ती दोन रांगांमधून शांतपणे चालत पुढे आली. पुढच्या रांगेतली राखून ठेवलेली खुर्ची तिने सवयीने फडक्याने पुसली, आणि मग ते फडकं घडी करून मांडीवर ठेवून ती साहेबांच्या शेजारी बसली. पाठ टेकून. पाय लांब करून.

गाणं संपलं तेव्हा सहायक घामाघूम होऊन धावत आला.

"ताई, उठा उठा! पाहुण्यांची गाडी आली. त्यांना बसायला खुर्ची नाही!"

साहेबांनीही वळून बघितलं. बहुधा पहिल्यांदाच.

"माझ्या घरी पॅसेजमध्ये आहे एक," आत्या म्हणाली. "कोणाला तरी पाठवून आणवा. मांडताना सांभाळा, पाय वाकडा आहे तिचा." आणि मग माईककडे बघून तिने हात हलवला. "चिंगे, थांबलीस का गं? म्हण ना परत. मघाशी मी उभी होते, नीट ऐकू आलं नाही."