कासवापाशी दिलेली ओ

खांडबाईंच्या तोंडाला लागायचं नाही, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. सुनेला मात्र ते रोज नव्यानं कळायचं.

"काळतोंड्या, उतर खाली!" शेजाऱ्याच्या गाडीतून उतरता उतरता त्या नातवावर खेकसल्या. "कसलं हे ध्यान! लांडग्यानंसुद्धा नुसतं हुंगून सोडून द्यावं."

सुनेनं, यांजिवनं, मुलाला कडेवर घेतलं. तीन वर्षांचा, टपोऱ्या डोळ्यांचा, गुबगुबीत गालांचा मुलगा. पण कपाळावर काजळीचा डाग, अंगात मुलीचा देल म्हणजे खांद्यावर गुंड्या लावायचा लांब झगा, केसांच्या दोन वेण्या आणि त्यांना लाल फिती. हाक मारायची ती नेरगुई म्हणून, म्हणजे बिननावाचा. यांजिवची आधीची दोन मुलं गेली होती. थोरली भर दुपारी तंबूबाहेर खेळत होती, कुणीतरी नावानं हाक मारली म्हणून तिनं "ओ" दिली, आणि संध्याकाळी तापानं फणफणून ती गेली. हाक कुणी मारली ते कुणालाच दिसलं नाही. जो ओ देतो त्याला पलीकडचे घेऊन जातात, एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं. म्हणून या तिसऱ्याच्या कानात लामांनी खरं नाव सांगितलं आणि आई-आजीला बजावलं, की पहिले केस कापेपर्यंत ते उच्चारायचं नाही, आणि पोराचं कौतुक तर मुळीच करायचं नाही.

तो दिवस आज उगवला होता. मठात लामा वाट बघत होते. पहिली बट खांडबाई कापणार होत्या, कारण त्यांचं जन्मवर्ष नातवाच्या वर्षाशी जुळत होतं. मग वेण्या जाणार, मुलीचे कपडे जाणार आणि यांजिवला आपल्या मुलाला नावानं हाक मारता येणार.

पण आधी कासव. दगडी कासवाला दूध दिल्याशिवाय मठात पाऊल टाकायचं नाही, असा खांडबाईंचा नेमच होता. एके काळी इथं खानांची राजधानी होती, लांबलांबच्या देशांचे दूत इथं येऊन गुडघे टेकायचे म्हणे. तिचेच दगड उचलून पुढे मठ उभा राहिला. मागं उरलं गवत, संशोधकांनी उकरून ठेवलेले खड्डे आणि हे कासव. ते बहुधा कुणाच्यानं उचलवलं नसावं. या गवतातून जाताना इथली माणसं आवाज खाली ठेवतात, ते भक्तीनं नव्हे.

"मी मागच्या बाजूनं दूध शिंपडून येते," खांडबाई म्हणाल्या. "तू इथंच थांब आणि तोंड मिटून राहा."

"तुमच्यासारखं?" यांजिव पुटपुटली.

"ऐकू येतं मला!"

तेवढ्यात वारा पडला. सकाळपासून कानात घोंघावणारा वारा एकदम बंद झाला आणि गवत जागच्या जागी उभं राहिलं. कासवाच्या सावलीत एक बाई बसली होती. यांजिवला ती आधी दिसली नव्हती.

"अगं बाई, काय देखणा मुलगा आहे!" बाई म्हणाली.

यांजिवनं नकळत पोराच्या फिती सारख्या केल्या. आपल्या पोराला कुणी देखणा म्हटलेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. ती स्वतःही कधी म्हणाली नव्हती. कुशीत घेऊन पापे घेतानासुद्धा 'माकडा' म्हणायची. एवढ्याशा सुखासाठी बिचारी तीन वर्षं आसुसली होती, आणि ते असं वाटेत पडलेलं मिळालं. तिचं भान सुटलं.

"आज केस कापायचेत त्याचे," ती लाजत म्हणाली.

"हो का? मग नावही छानसं असेल की."

"सोद्नोम."

"सोद्नोम," बाईनं चव घेतल्यासारखं म्हटलं, आणि उठून ती खड्ड्यांकडे चालू लागली.

तेव्हा कुठं यांजिवच्या डोक्यात उजेड पडला. मुलीच्या कपड्यांतलं पोर, आणि हिनं मुलगा म्हणून कसं ओळखलं? आणि हिच्या देलच्या गुंड्या डाव्या खांद्यावर होत्या. सगळं जग उजवीकडे लावतं. डावीकडे लावतात ते पलीकडचे. त्यांचं सगळंच उलटं.

खांडबाई रिकामा वाडगा घेऊन आल्या. "कुणाशी बोलत होतीस?"

"अहो आई, मी... मी नाव सांगितलं."

खांडबाईंनी आधी पोराकडे पाहिलं, मग खड्ड्यांकडे.

"सोद्नोम!" खड्ड्यांकडून हाक आली.

आवाज यांजिवचा होता. हुबेहूब तिचाच. पोरानं मान वळवली. "आई?" तो त्या बाजूला बघून म्हणाला.

"मी इथं आहे रे, राजा, इथं बघ," यांजिव कुजबुजली आणि तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला.

"सोद्नोम, ये ना रे, माकडा!"

हाक जवळ आली होती. माकडा हा शब्द तर अंथरुणाबाहेर कधी गेलाच नव्हता. पोर तिच्या कडेवर तडफडू लागलं, तिच्या बोटांना चावलं. आपलाच आवाज आपल्या लेकराला ओढून नेतोय, हे ऐकताना तिनं त्याला आणखी घट्ट आवळलं. तिसरी हाक कासवाच्या अगदी मागून आली. पोरानं तिच्या हातातून तोंड सोडवलं. आता तो ओ देणार. त्याच्याआधी आपणच द्यावी म्हणून यांजिवनं श्वास ओढला.

"ओ!" खांडबाई गरजल्या. "आले गं बाई, आले! घसा कशाला फोडतेस?"

सगळं शांत झालं. मग वारा पुन्हा सुटला आणि गवत हललं.

"अहो आई, हे काय केलंत? मी देणार होते!"

"तू? आणि पोराला काय मी पाजू?" खांडबाईंनी वाडगा कमरेच्या पिशवीत कोंबला. "डोळे पूस. लामा खोळंबलेत."

मठात दिवे तेवत होते. लामांनी मंत्र म्हटले. खांडबाईंनी निळा रेशमी पट्टा बांधलेली कात्री घेतली आणि पहिली बट कापून पट्ट्यात गुंडाळली. यांजिव त्यांच्याकडेच बघत होती. सकाळी म्हातारीची बोटं आखडली होती म्हणून तिनंच त्यांच्या देलच्या गुंड्या लावून दिल्या होत्या, उजव्या खांद्यावर. आता त्या डाव्या खांद्यावर होत्या.

तिनं रडत त्या गुंड्या सोडवायला हात पुढं केला. खांडबाईंनी तो हळूच बाजूला सारला. त्यांचे हात बर्फासारखे गार होते.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी अंगठ्यानं नातवाच्या कपाळावरची काजळी पुसली, त्याला उचलून सगळ्यांसमोर धरलं, आणि तीन वर्षं गिळून ठेवलेलं ते मोठ्यांदा बोलल्या.

"बघा तरी, काय देखणा आहे माझा सोद्नोम!"