मांडीवरचं घर

मावशीचं म्हणणं स्पष्ट होतं. "इथे मी आंधळी नाही. तुझ्या घरात होईन."

तिची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण स्वतःच्या घरात ती अशी वावरायची की नवख्याला पत्ताही लागू नये. आता शेजारीण लेकाकडे राहायला गेली आणि मावशीच्या हाकेला ओ द्यायला कुणी उरलं नाही. आई गेल्यापासून मलाही मायेचं माणूस ते एवढंच. ती माझ्याकडे हवी होती, कायमची. पण मावशीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

शेवटी मी माझा धंदा कामाला लावला. मी इमारती मोजते. हातात लेझर स्कॅनर धरून खोल्याखोल्यांतून फिरायचं. त्याचा उजेड भिंतींना, कोपऱ्यांना लागून परत येतो, लाखो ठिपके जमा होतात आणि त्या ठिपक्यांतून कॉम्प्युटरवर इमारत उभी राहते. एका रविवारी मी स्वतःचंच घर स्कॅन केलं. हळूहळू, हात पुढे धरून, अगदी मावशी चालते तशी.

ठिपक्यांत बेडरूमच्या भिंतीपलीकडे एक जास्तीची खोली उगवली होती. ही कपाटाच्या आरशाची करामत. आरसा स्कॅनरला हमखास फसवतो. मी पडले अनुभवी! ती खोटी खोली पुसून टाकली आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मग थ्रीडी प्रिंटरवर बिनछपराचं इवलंसं घर काढलं आणि मावशीच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

"हे काय, उंदरांसाठी बांधलंस?" ती म्हणाली. पण बोटं केव्हाच दारातून आत शिरली होती. "हा ओटा. हा पलंग. किती गं अडगळ करून ठेवलीयस!"

महिनाभर ते घर तिच्या मांडीवरून हललं नाही. मग फोन आला. "एक रात्र येऊन बघते. नाही जमलं तर सकाळी सोडायचं. रडायचं नाही."

ती आली. चपला काढल्या, माझा हात झटकला आणि निघाली. सोफ्याला वळसा, टेबलाला वळसा, कुठे धक्का नाही. मला भरून आलं. "आता गॅलरी," म्हणत ती ऐटीत पुढे गेली आणि धाडकन आपटली.

गॅलरीचं काचेचं सरकतं दार. लेझर काचेतून आरपार निघून जातो, म्हणून ठिपक्यांत तिथे मोकळी जागाच होती, आणि मांडीवरच्या घरातही. आरशाला पकडणारी मी, काच साफ विसरले होते.

तिच्या कपाळावर खरचटलं होतं. "माझी चूक झाली, मावशी. चल, तुला घरी सोडते."

तिने काच वरपासून खालपर्यंत चाचपली. "तुझ्या यंत्राला ही दिसत नाही?"

"नाही."

"म्हणजे माझ्याहून आंधळं! बरी जोडी जमली."

ती हसायला लागली. मी मात्र रडतच जखमेवर लावायची चिकटपट्टी घेऊन आले. ती तिने कपाळाला लावलीच नाही. पिशवीतून इवलं घर काढलं, बोटाने गॅलरीची फट शोधली आणि पट्टी तिथे आडवी चिकटवली.

"हे झालं दार. आणि घरी काय सोडतेस? परक्याच्या घरात माणूस जपून चालतो. मी चालले का जपून?"

मी डोळे पुसले.

"उद्या माझी ट्रंक आण," ती म्हणाली. "आणि दुसरी पट्टी दे, कपाळ चुरचुरतंय."