पेन ड्राइव्हमधलं बिऱ्हाड

सुनावणी अकराची होती आणि लाखांदूरची एसटी भंडाऱ्याच्या स्टँडवर लागली तेव्हाच पावणेअकरा झाले होते. हर्षानं पर्समधला पेन ड्राइव्ह पुन्हा चाचपला. शेजारी मोठीमाय, म्हणजे तिच्या वडिलांची थोरली वहिनी पंचफुला, पिशवी छातीशी धरून बसली होती.

"मोठीमाय, भेव लागून राहिलं का?"

"मले कायचं भेव? तूच घडीघडी पर्स चाचपून राहिली."

खोटं नव्हतं ते. हर्षानं पर्सची चेन लावली.

भानगड म्हटलं तर एवढीशी होती. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावात बाबुलालचं, म्हणजे हर्षाच्या बापाचं, घर एक. पण चुली दोन. नवरा गेल्यावर पंचफुला मागच्या पडवीत वेगळं रांधायची. चूल वेगळी म्हणजे कुटुंब वेगळं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुनर्वसनाच्या प्लॉटची यादी करणाऱ्या शहाण्यांनी मात्र दारं मोजली. दार एक, म्हणून प्लॉट एक. तो बाबुलालला मिळाला आणि पंचफुला नऊ वर्षं दिराच्या ओसरीत राहिली. तिला कोणी उणं बोललं नाही. पण दुसरीच्या हंडीतला भात घेताना ती नेहमी एक घास कमीच घ्यायची, आणि ते बघून हर्षाला रडू यायचं.

पुरावा होता. गाव उठण्याआधी एका संस्थेच्या पोरांनी चुलीनिहाय नोंद केली होती, त्यासाठी स्वतःचा प्रोग्राम बनवला होता, आणि सगळ्या नोंदींची सीडी सीलबंद करून भंडाऱ्याच्या पुनर्वसन कार्यालयात जमा केली होती. सीडी कपाटात सुखरूप होती. फक्त ती वाचणारा प्रोग्राम तिथल्या एकाही कॉम्प्युटरवर नव्हता.

हर्षाचं लाखांदूरला टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. संस्थेकडून प्रोग्राम आणि नोंदींची जुनी प्रत मिळवून तिनं मागच्या तारखेला प्रिंट नेली, तर सुनावणी घेणाऱ्या मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "असे कागद तुमच्या दुकानात रोज निघत असतील. आमची सीडी, आमचा कॉम्प्युटर, आमच्यासमोर उघडून दाखवा. आणि इन्स्टॉल काही करायचं नाही, परवानगी नाही. पुढच्या तारखेनंतर यादी बंद."

आता इन्स्टॉल न करता प्रोग्राम चालवायचा कसा? महिनाभर हर्षा त्याच्यामागे हात धुऊन लागली. युक्ती सापडली ती अशी. आधी मशीनमध्ये काय काय आहे त्याची मोजदाद करून ठेवायची. मग प्रोग्राम टाकायचा आणि पुन्हा मोजदाद करायची. मधे जे वाढलं, ते त्या प्रोग्रामचं बिऱ्हाड. ते सगळं एका फाइलीत बांधायचं. ती फाइल पेन ड्राइव्हवरून उघडली की प्रोग्रामला वाटतं आपण घरीच आहोत, आणि ज्या कॉम्प्युटरवर तो उतरलाय त्याला धक्काही लागत नाही. तिच्या दुकानात चालला. शेजारच्या दोन टायपिंगच्या दुकानांतही चालला. हर्षा निर्धास्त झाली. तिथंच फसली.

कार्यालयात कवडूबाबू दारातच भेटले. निवृत्तीला चार महिने राहिलेला हा कारकून. तिचा अर्ज त्यांनी तीनदा परत केला होता. एकदा तर टाचणी चुकीच्या कोपऱ्यात होती म्हणून. "आलीस का पुन्हा?" म्हणाले आणि चहाला निघून गेले.

मॅडमनी पंचफुलासमोर सील फोडलं, सीडी आत सरकवली. पेन ड्राइव्ह आधी तपासला. मग हर्षानं क्लिक केलं. पडदा थिजला. दहा सेकंद. वीस. पंचफुलानं पिशवी घट्ट धरली. आणि खिडकी उघडली! घर सतरा, चूल दोन. तिनं ओळीवर बोट ठेवलं.

नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला झाला होता. आय, ए, पी, मोठा क्यू, मग छोटा क्यू, वाय, के.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

काय ते हर्षाला त्याच क्षणी कळलं. जुना मराठी फॉन्ट! तो नसला की मराठी अक्षरं अशी इंग्रजीत दिसतात. दुकानात मशीन कोरं केलं की पहिल्यांदा तो फॉन्ट टाकायचा, मग बाकीचं; टायपिंगवाल्यांची ही रीतच. पहिल्या मोजदादीच्या आधीच तो घरात होता, म्हणून वाढलेल्यात धरला गेला नाही, बिऱ्हाडात आला नाही. मोठीमायचंही असंच झालं होतं. आधीपासून घरात होती, म्हणून मोजलीच नाही. आणि या खेपेला न मोजणारी हर्षा होती. तिला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"फॉन्ट टाकू द्या मॅडम, एक मिनिट लागते."

"काही टाकायचं नाही, सांगितलंय."

मॅडमचा हात सीडीच्या बटनाकडे गेला. हर्षानं पुन्हा अक्षरांकडे बघितलं आणि तिची बोटं आपोआप टेबलावर हलली. आयवर प. एवर अनुस्वार. पीवर च. अकरा वर्षं याच बटनांवर पोट भरत होती ती!

"थांबा! मले वाचता येते हे. कळ दाबली का कोणतं अक्षर येते, ते बोटायले पाठ आहे."

ती वाचत गेली, मॅडम कागदावर लिहीत गेल्या. मग त्यांनी कागदाची घडी केली. "पण बाई तुमची, वाचणाऱ्याही तुम्हीच. मी कसं मानू? तुम्ही बाहेर थांबा, यांना इथंच बसू द्या. कवडूंना बोलवा."

हर्षानं कवडूबाबूंना हाक मारली. टाचणीवरून अर्ज फिरवणारा माणूस!

कवडूबाबू तोंड पुसत आत गेले. दार अर्धं लोटलेलं. हर्षा भिंतीला चिकटून उभी राहिली. आत खुर्ची सरकली. मग टेबलावर बोटांची टकटक सुरू झाली. बत्तीस वर्षं टाइपरायटर बडवलेली बोटं; फॉन्टमधली अक्षरंही त्याच मराठी टाइपरायटरच्या कळांवर होती.

"पं... च... फु... ला," कवडूबाबूंचा आवाज आला. "पंचफुला श्रावण मेश्राम. चूल वेगळी. स्वतः रांधते."

कागदाची घडी उघडल्याचा आवाज. मग मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. जुळतं."

"थांबा मॅडम, खाली शेरा आहे," कवडूबाबू म्हणाले. घाईत हर्षानं तो वाचलाच नव्हता. टकटक पुन्हा चालली. "दुपारी दोन. चूल पेटलेली होती. बाईंनी आम्हा चौघांना जेवू घातलं."

मग पंचफुलाचा आवाज आला, "ते पोरं सकाळपासून उपाशी होते ना."

मॅडमनी हर्षाला आत बोलावलं आणि तिच्यासमोर फाइलवर लिहिलं: स्वतंत्र कुटुंब, प्लॉटास पात्र. कवडूबाबूंनी फाइल घेतली, टाचणी काढली, नीट कोपऱ्यात पुन्हा लावली.

हर्षाला रडू आवरेना. पंचफुलानं पदरानं तिचं तोंड पुसलं.

"रडतं काहून? घर झालं का येजो माया चुलीवर जेवाले," ती म्हणाली. "त्या दिवशी मी बी पोटभर खाईन."