खल्फानचा हात

मी तासणी बोलतेय. काचेच्या पेटीत आहे, त्यामुळे आवाज जरा बारीक येईल. जवळ या, पण काचेला नाक लावू नका. दिवसाला चाळीस नाकं लागतात आणि पुसणारा एकच आहे.

दिसायला मी साधी. लोखंडाचं आडवं पातं आणि लाकडी दांडा. कुऱ्हाड लाकूड फोडते, मी तासते. फोडायला ताकद पुरते आणि ती गाढवातही असते. तासायला नजर लागते. नजर असलेली माणसं मी उभ्या आयुष्यात दोनच पाहिली. बाकीचे सगळे नुसते मोठ्याने बोलणारे.

मस्कतशेजारच्या मत्रहमधल्या एका बलुची लोहाराने मला घडवलं आणि सूर बंदरातल्या उस्ताद खल्फानने मला घेतलं. खाडीच्या काठी गलबतं बांधणारी बरीच घराणी होती, पण खल्फान पहिल्या फळीतला. त्याने कागदावर कधी रेघ ओढली नाही. मलबारचा साग समोर टाकायचा, एक डोळा मिटायचा आणि कामाला लागायचं. मापाला त्याचा स्वतःचा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. चांगला लांब हात होता. माझा दांडाही त्याने बरोबर एक हाताचा बसवला होता. नाळेपासून, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकापासून, बारा हातांवर पोटाचा फुगवटा सुरू करायचा, हे त्याचं ठरलेलं. त्याची गलबतं झांजिबारपर्यंत नाकासमोर जायची आणि नाकासमोर परत यायची.

त्याला दोन मुलगे, हमूद आणि मुरशिद, आणि मधली एक मुलगी, झुवैना. मुलग्यांना त्याचा आवाज मिळाला. हात मिळाला मुलीला. म्हातारपणी खल्फानची कंबर धरायला लागली, वाकवेना, तेव्हा तो पंधरा वर्षांच्या झुवैनाला हाक मारायचा, "ये गं, हात दे." ती फळीवर हात टेकवत टेकवत माप घालायची आणि तो गेरूने खूण करायचा. मग सुस्कारा टाकायचा, "हा हात चुकीच्या लेकराला गेला." कारागीर मोठा, पण या बाबतीत गावातल्या कुठल्याही माणसाइतकाच मूर्ख.

तो गेला आणि चाळीस दिवसही झाले नाहीत तोवर दोघे भाऊ भांडले. कशावरून? बापाच्या बाजेवरून. चिंचेच्या सावलीत एक सुंभाची बाज होती. खल्फान तिच्यावर बसून काम बघायचा. आता तिच्यावर कोणी बसायचं? हमूद म्हणे मी थोरला, मुरशिद म्हणे मी हुशार. शेवटी बाज रिकामी राहिली, तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या आणि भावांचं बोलणं बंद झालं. हमूदने मला घेतलं. माझा दांडा त्याला पेलेना, म्हणून त्याने चार बोटं कापून टाकला. मला विचारलं नाही. लाकूड समजणाऱ्या माणसाने विचारलं असतं.

पुढच्या वर्षी खजुराच्या एका व्यापाऱ्याने मोठं गलबत सांगितलं. ते चालवायला झुवैनाचा नवरा, नाखवा सैफ, ठरला. थंडीतला वारा सुटला की आफ्रिकेला निघायचं. सैफ छाती फुगवून सांगत फिरायचा, "मेहुण्यांनी बांधलंय. मी डोळे झाकून जाईन." काही माणसांना डोळे झाकायला निमित्तच हवं असतं.

आता भावांचं बोलणं बंद आणि काम तर एकच. त्यांनी काय तोड काढावी? गलबत वाटून घेतलं. डावी बाजू हमूदची, उजवी मुरशिदची, मधे कणा, म्हणजे तळाचं लांब लाकूड. आमच्याकडे आधी फळ्या बसतात, फासळ्या नंतर, म्हणजे फळ्या चुकल्या की पुढचं सगळं चुकलं. दोघे एकमेकांपासून तीन हातांवर उभे राहायचे आणि म्हाताऱ्या सांगूर सुताराकरवी बोलायचे.

"सांगूर, त्याला सांग, फळी वर घे."

"सांगूर, त्याला सांग, आपली बाजू आपण बघ."

"अरे, मी सुतार आहे की पोपट?" सांगूर म्हणायचा. आणि निरोप पोचवायचा.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं, कण्यावर पहारा हवा. सूरमध्ये सगळे मानतात, मूल नसलेल्या बाईने नवा कणा ओलांडला तर तिची कूस उजवते, पण त्या बदल्यात कणा घडवणाऱ्यांपैकी एकाचा जीव जातो. म्हणून बाई कण्याच्या जवळ फिरकू द्यायची नाही. दोन माणसं काठ्या घेऊन बसवली होती. समुद्र, वादळ, खडक यांची कोणाला भीती नाही. भीती बाईच्या पायाची.

झुवैनाच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. ती दुपारचं जेवण घेऊन यायची, भात आणि खारवलेला मासा, आणि पहारेकरी तिला वीस पावलांवर थांबवायचे. सख्ख्या बहिणीला. वीस पावलांवरूनच तिने एक दिवस पाहिलं.

"दादा, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. डावं पोट आधी सुटलंय."

"बायकांना भात शिजलेला कळतो," हमूद घास घेत म्हणाला. "लाकूड आम्हाला कळू दे."

मी त्याच्या मांडीशी पडले होते. मला लाज वाटली, त्याला वाटली नाही.

चार दिवसांनी भर दुपारी ती परत आली. उन्हाने सगळे सावलीत आडवे झाले होते. पहारेकरी तर काठ्या उशाला घेऊन घोरत होते. हमूद मला कण्यावरच टाकून झोपायला गेला होता, ही त्याची नेहमीची रीत. झुवैना सरळ नाळेपाशी आली, बाही सारली आणि डाव्या फळीवर हात टेकवत निघाली. एक, दोन, तीन. तिच्या अकराव्या हातालाच हमूदचा फुगवटा आला. आता उजवी बाजू बघायची. पण पुढून वळसा घालावा तर मुरशिदची माणसं वाटेत पसरलेली, मागून जावं तर भरतीचं पाणी. फळ्या अजून गुडघ्याएवढ्याच चढल्या होत्या. मग तिने झगा उचलला आणि कणा ओलांडला. माझ्या अंगावरूनच गेली.

पलीकडचं माप तिने पुरं केलं. मुरशिदचा फुगवटा साडेअकरावर. बारावर कोणाचाच नाही. ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "या गाढवांनी माझ्या नवऱ्याला मारायचंच ठरवलंय." असं गलबत सारखं एका अंगाला ओढतं, आणि भर समुद्रात वारा चढला की ते ओढणं निस्तरता येत नाही.

ती तशीच परत ओलांडून येत होती, तेवढ्यात एका पहारेकऱ्याला जाग आली. त्याने जी बोंब ठोकली ती पलीकडच्या काठावर ऐकू गेली असेल.

घटकाभरात अर्धं सूर जमलं. हमूदच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"कोणाचा जीव मागितलास? माझा की याचा?"

दोन वर्षांनी पहिल्यांदाच तो भावाकडे बोट दाखवत होता.

"तुमचे जीव घेऊन मी काय करू?" झुवैना म्हणाली. "माप घेत होते."

"बारा वर्षं पाळणा रिकामा, आणि म्हणे माप!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

"हात काढा," ती भावांना म्हणाली. "दोघेही. ठेवा इथे फळीवर, शेजारी शेजारी."

इतक्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. दोघांनी कोपरं टेकवली. हमूदचा हात मुरशिदच्या हातापेक्षा पुरता बोटभर आखूड निघाला. मग तिने आपला हात मधे ठेवला. तो दोघांच्याही पुढे गेला.

"बाबांचा हात हा," ती म्हणाली. "तुम्ही बारा हात मोजलेत ते तुमचे. तुमचे दोघांचेही वेगळे."

सांगूर खो खो हसत सुटला. बाकी कोणी हसलं नाही. बापाचं माप आपल्याकडे नाही, हे सूरच्या दोन उस्तादांना त्या दिवशी चारचौघांत कळलं. सांगूरला ते दोन वर्षं माहीत असणार. पण पोपटाला कोण विचारतं?

चूक कळली, आता फळ्या उतरवून नीट बसवाव्यात की नाही? पण नाही. कणा ओलांडला गेला होता. आता घडवणाऱ्यांपैकी जो पहिला हात लावील तोच मरणार, असं सगळ्यांनी धरलं. हमूद तापाचं निमित्त करून घरी झोपला, मुरशिदला अचानक मस्कतला काम निघालं. सुतारांनीही हत्यारं खाली ठेवली. आठ दिवस मी कण्यावर तशीच पडून होते. खाऱ्या हवेने माझ्या पात्यावर गंजाचे डाग पडले, ते अजून दिसतात. खल्फानने हे पाहिलं असतं तर त्या दोघांना त्याच बाजेला बांधलं असतं.

नवव्या दिवशी सकाळी झुवैना आली. मागोमाग सैफ. पहारेकरीही आता पळाले होते, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं. चिंचेखाली सांगूर आणि चार सुतार चिलीम ओढत बसले होते. सैफ तिच्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, पण मी ऐकलं.

"झुवैना, मला तरी खरं सांग. मापासाठीच ओलांडलास ना?"

ज्याचा जीव वाचावा म्हणून हिने गावाची थुंकी झेलली, तो हे विचारत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं थोबाडीत देईल. द्यायला हवी होती. त्याऐवजी ती कण्यापाशी आली आणि मला उचललं.

"घडवणाऱ्याचा जीव जातो ना?" ती चिंचेकडे तोंड करून ओरडली. "मग आजपासून घडवणारी मी. मरायचं ते मी मरीन. तुम्ही आरामात चिलीम ओढा."

पहिला घाव फसला. पात्याने तिच्या पायाच्या अंगठ्याजवळची माती उडवली. मी खोटं सांगणार नाही, ती माप घेणारी होती, तासणारी नव्हती. पण दुसरा घाव चुकलेल्या फळीच्या कडेवर बसला आणि लांबच लांब ढलपी निघाली. माझ्या आखूड दांड्याला तिचा हात मोठा पडत होता. तरी खल्फाननंतर इतक्या नीट मला कोणी धरलं नव्हतं. मला भरून आलं. हे एवढं मी पुन्हा म्हणणार नाही.

सांगूरने चिलीम विझवली. "सर पोरी, पाय कापून घेशील," म्हणत तो तिच्या शेजारी बसला. मग बाकीचे उठले. ती हात टेकवत माप सांगायची, ते बसवायचे. दोन्ही बाजूंना बारा. महिनाभराने, धोका टळलाय असं वाटल्यावर, हमूदचा ताप उतरला आणि मुरशिदचं मस्कतचं काम संपलं.

वारा सुटायच्या आत गलबत पाण्यात गेलं आणि नाकासमोर चाललं. ढोल वाजले, हमूद आणि मुरशिदच्या गळ्यात लोक पडले. सैफ झांजिबारला जाऊन धडधाकट परत आला. कोणी मेलं नाही. आणि झुवैनाला मूलही झालं नाही.

वर्ष उलटलं तसे दोघे भाऊ एके दिवशी हलव्याचं भांडं घेऊन तिच्याकडे जायला निघाले. ती नेमकी कारखान्यातच, माप सांगायला आली होती, म्हणून हा प्रसंग माझ्या वाट्याला आला.

"बहिणी, आम्ही चुकलो," हमूद म्हणाला. "तू खरंच मापासाठी गेली होतीस."

"आता कसं पटलं?" तिने विचारलं.

"पोटी काही राहिलं नाही ना," मुरशिद म्हणाला. "असं वाईट मनात असतं तर राहिलं असतं."

फळीवरचे तीन हात, सांगूरचं हसू आणि सरळ चाललेलं गलबत, एवढा पुरावा पुरला नाही. तिची रिकामी कूस पुरली. हे त्यांना चांगलं बोलणं वाटत होतं. झुवैनाने भांडं घेतलं, दोघांना कॉफी ओतून दिली आणि म्हणाली, "खा, निवेल." हलव्याला तिने हात लावला नाही.

त्यानंतर भावांनी शहाणपणा केला. तिला रोज बोलवायला नको म्हणून तिच्या हाताच्या मापाची एक काठी कापून घेतली. त्या काठीवर त्यांनी पुढे वीस वर्षं गलबतं बांधली. पुढे इंजिनाच्या बोटी आल्या, मग प्लास्टिकच्या होड्या आल्या, आणि नातवांनी मस्कतला जाऊन थंडगार कचेऱ्यांत खुर्च्या पकडल्या. कारखान्याच्या जागी आता हे संग्रहालय आहे. मी इथे, शेजारी ती काठी. खाली पाटी आहे, ‘उस्ताद खल्फान यांच्या हाताचे माप. त्यांचे सुपुत्र उस्ताद हमूद व उस्ताद मुरशिद यांनी जपले.’

मागच्या महिन्यात झुवैना आली होती. एका शेजारणीने धरून आणली. सैफ जाऊन बरीच वर्षं झाली. तिने शेजारणीकडून पाटी वाचून घेतली, मग काळा झगा कोपरापर्यंत सारला आणि काचेवर काठीच्या शेजारी हात ठेवला. हात सुकलाय, पण लांबी तीच. बोटाचं टोक काठीच्या टोकाशी येऊन थांबलं.

"आजी, काचेला हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

"अरे, माझाच आहे तो काठीतला हात."

"सगळे असंच म्हणतात," तो हसत म्हणाला आणि तिच्या मागे फडक्याने काच पुसली.

त्याला ऐकू जाईल अशी जीभ मला असती तर मी सांगितलं असतं. तशी जीभ नाही, धार आहे, तीही यांनी बोथट करून ठेवली आहे, पेटी झाडणाऱ्याच्या बोटांना लागू नये म्हणून. तर तुम्हाला एवढंच सांगते. निघताना ती पाटी वाचू नका. वाचलीत तर निदान मान डोलवू नका. त्याऐवजी काठीच्या शेजारी आपला हात धरून बघा. पहारेकरी ओरडेल, ओरडू दे.

पुरायचा नाही तुमचा. पण बघा.